हॅटफील्डचा शंकेखोर उमराव

सोडियमचा तांदळाएवढा तुकडा पाण्यात टाकला की काय होते, हे आपण वर्गात दाखवतो. तुकडा तांदळाएवढाच का घ्यायचा, हेही विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या एका उमरावाने आपल्या वाड्यातल्या खाजगी प्रयोगशाळेत सोडियम तापवायला घेतले. काचेचे बकपात्र पुरते कोरडे झाले नव्हते. व्हायचे तेच झाले. स्फोटाचा आवाज ऐकून घरची माणसे धावली, तेव्हा तोंडावर आणि हातांवर काचा लागून रक्तबंबाळ झालेले हे गृहस्थ दाराबाहेर येत होते. भांडे नीट वाळवले नव्हते म्हणून असे झाले, असे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. रसायनशास्त्राचा एक नियम आपल्यासमक्ष खरा ठरल्याचे समाधान त्यांच्या बोलण्यात होते, अशी आठवण त्यांच्या मुलीने लिहून ठेवली आहे.

हा उमराव म्हणजे तिसरा मार्क्विस ऑफ सॉल्सबरी, रॉबर्ट सेसिल. तो तीनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला आणि दोनदा भारतमंत्री. इतिहासाच्या पुस्तकांत तो साम्राज्यवादी, हुजूरपक्षाचा पुढारी म्हणून भेटतो, आणि ते वर्णन बरोबरच आहे. विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव सहसा निघत नाही. आम्ही त्याच्याकडे वळलो ते पृथ्वीचे वय ठरवण्याचा इतिहास वाचताना. त्या वादाच्या एका वळणावर हा राजकारणी अनपेक्षितपणे उभा असलेला दिसतो. मग त्याचे बाकीचे आयुष्य वाचले, आणि त्यात आपल्याकडच्या दुष्काळांशी वारंवार गाठ पडत गेली.

सेसिल घराणे जुने. राणी पहिल्या एलिझाबेथचा प्रधान विल्यम सेसिल हा मूळपुरुष. त्याच्या मुलाने लंडनच्या उत्तरेस हॅटफील्ड येथे १६११ मध्ये पुरा केलेला वाडा आजही उभा आहे. आपला रॉबर्ट त्याच वाड्यात ३ फेब्रुवारी १८३० रोजी जन्मला. जमीन सुमारे वीस हजार एकर. पण तो धाकटा मुलगा, म्हणजे किताब आणि जमीन थोरल्या भावाकडे जायची. नऊ वर्षांचा असताना आई वारली. ईटनच्या प्रसिद्ध शाळेत मुलांनी त्याचा इतका छळ केला की १८४५ मध्ये वडिलांना त्याला घरी आणावे लागले. सुट्टीत लंडनला गेला तर शाळासोबती भेटतील या भीतीने तो हमरस्ता टाळून गल्लीबोळांतून फिरे. घरी शिकवणीच्या काळात त्याला वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. ऑक्सफर्डला गणित घेतले, पण प्रकृती बिघडल्याने उमरावांच्या मुलांसाठी असलेल्या सवलतीखाली मानद चौथ्या श्रेणीची पदवी घेऊन तो बाहेर पडला. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वर्षे समुद्रप्रवास केला. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणी, न्यूझीलंड असे सगळे पाहून १८५३ मध्ये परतला आणि त्याच वर्षी स्टॅमफर्डचा खासदार झाला. ‘निवडून आला’ असे म्हणवत नाही. ती जागा एका नातलग उमरावाच्या खिशातली होती, आणि पंधरा वर्षांत तिथे त्याच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही.

१८५७ मध्ये त्याने एका न्यायाधीशाच्या मुलीशी, जॉर्जिना ऑल्डरसनशी, वडिलांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले. त्यामुळे संसार चालवण्यासाठी त्याला लेखणी हाती धरावी लागली. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ आणि ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकांतून त्याने शेकडो लेख लिहिले. बोचरी भाषा, आकड्यांची आवड आणि सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतण्याची हौस ही त्या लेखांची लक्षणे. प्रगतीवर भरवसा ठेवणाऱ्यांची तो टर उडवी. १८६५ मध्ये थोरला भाऊ वारला आणि रॉबर्ट वारस झाला. पुढच्याच वर्षी, जुलै १८६६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो भारतमंत्री झाला.

त्या क्षणी ओरिसात माणसे मरत होती.

१८६५ चा पाऊस लवकर संपला आणि भाताचे पीक बुडाले. जिल्ह्यांत साठा पुरेसा आहे, भाव चढले की व्यापारी धान्य आणतीलच, सरकारने बाजारात हात घालू नये, असे कलकत्त्याच्या महसुली मंडळाचे मत. बंगालचा नायब राज्यपाल सेसिल बीडन फेब्रुवारी १८६६ मध्ये ओरिसात जाऊन आला आणि त्याचेही समाधान झाले. मे महिन्यात कळले की तांदूळ नाहीच. तोवर पावसाळा तोंडावर आला होता. ओरिसात धड रस्ता नव्हता, आणि वादळी समुद्रामुळे बंदरांत जहाजे लागू शकत नव्हती. पैसा असून धान्य पोचवता येईना. सुमारे दहा लाख माणसे गेली, म्हणजे तिथल्या तिघांतले एक.

लंडनमध्ये नवा भारतमंत्री कागद वाचत होता. बंगाल सरकार, हिंदुस्थान सरकार, सगळे अधिकारी सांगत होते की चिंतेचे कारण नाही. त्याने दोन महिने काहीही केले नाही. पुढे अनेकदा तो हे स्वतःहून सांगे. आपण या दोषातून पूर्णपणे मोकळे आहोत असे आपल्याला कधीच वाटले नाही, असे त्याचे म्हणणे होते. जुलैत हुकूम सोडूनही फार काही वाचले असते असे नाही, बंदरे आधीच बंद झाली होती. तरीही ही खंत खरी असावी असे आम्हाला वाटते, कारण चौकशी आयोगाचा अहवाल आल्यावर, ऑगस्ट १८६७ मध्ये, त्याने पार्लमेंटमध्ये केलेले भाषण फार जळजळीत आहे. अधिकारी अर्थशास्त्राची मूर्ती करून पूजा करत बसले, आणि माणूस अन्नावाचून काही दिवसच जगतो ही साधी गोष्ट विसरले, असा त्याचा आरोप होता. ओरिसाने त्याला एक धडा दिला : तज्ज्ञ एकमुखाने सांगतात म्हणून ते खरे मानू नये.

धडा चांगलाच. पण तो कुठे वापरायचा हा प्रश्न उरतोच. त्याआधी काही महिने त्याने वेगळीच चुणूक दाखवली होती. फेब्रुवारी १८६७ मध्ये डिझरेलीने मताधिकार वाढवणारे विधेयक मंत्रिमंडळापुढे ठेवले. कामगारांना मते मिळाली तरी मालमत्तावाल्यांना जादा मते देऊन तोल सांभाळला जाईल, अशी हमी त्यात होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी, हा गृहस्थ लोकसंख्येचे कोष्टक घेऊन बसला आणि एकेका मतदारसंघाचे गणित मांडू लागला. बेरीज ठीक होती, पण लहान गावे वेगळी काढली की तोल पार कोसळत होता. सरासरीने फसवले होते! त्याच रात्री त्याने पंतप्रधानाला पत्र लिहिले, आणि मार्चच्या आरंभी दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांनी वर्गात सांगावे असे हे उदाहरण आहे. मात्र हे सारे कष्ट कामगाराला मत मिळू नये म्हणून होते, हेही सांगायला हवे.

१८६८ मध्ये वडील वारले. किताब, वाडा, जमीन सगळे हाती आले. पक्ष सत्तेबाहेर होता. एका डबघाईला आलेल्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होऊन त्याने तिचे हिशेब मार्गी लावले, ऑक्सफर्ड विद्यापीठाचा तो कुलपती झाला, रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. सभासदत्व उमरावीमुळेही मिळत असे, पण हा माणूस खरोखर काम करणारा होता. हॅटफील्डच्या प्रयोगशाळेत त्याला हर्बर्ट मॅक्लिऑड या रसायनशास्त्रज्ञाची मदत असे. मॅक्लिऑडचे नाव आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे : निर्वात नळीतला अत्यल्प दाब मोजणारे ‘मॅक्लिऑड गेज’ त्याचेच. तो कूपर्स हिल येथील कॉलेजात शिकवत असे, आणि ते कॉलेज होते हिंदुस्थानात कालवे, पूल आणि रस्ते बांधायला पाठवायच्या इंजिनिअरांसाठी. सॉल्सबरीचा कमी तापमानाच्या वर्णपटरेषांवरील निबंध १८७३ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगेझिन’मध्ये छापून आला. त्या काळी वर्णपटशास्त्र अगदी ताजे होते. त्याच्या साहाय्याने किरखॉफ आणि बुन्सेन यांनी सूर्यातली मूलद्रव्ये ओळखायला लागून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. हा विषय पुढे १८९४ मध्ये त्याच्या कामी येणार होता.

त्याची दुसरी आवड वीज. हॅटफील्ड हे विजेचे दिवे लागलेल्या इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या घरांपैकी. प्रथम जेवणघराच्या छताला एक चाप-दिवा टांगला गेला आणि त्याच्या थरथरत्या भगभगीत उजेडात पाहुण्यांना जेवावे लागे. मग स्वानचे काचेच्या फुग्यातले दिवे आले. ली नदीवरच्या लाकूड कापण्याच्या गिरणीचे पाणचक्र दीडेक मैलावर होते, त्यावर जनित्र बसवले. तारांना धड आवरण नव्हते. एकदा रात्रीच्या जेवणानंतर पाहुणे मोठ्या दालनात शिरले तर तापलेल्या तारेने छताजवळचे नक्षीदार लाकूड पेटलेले. तरुण पाहुण्यांनी बैठकीवरच्या उशा नेम धरून वर भिरकावल्या आणि आग विझवली! टेलिफोन आला तेव्हा त्याच्या तारा जमिनीवरूनच टाकल्या होत्या, आणि वेगवेगळ्या खोल्यांतून बडबडगीते म्हणणारा मालकाचा आवाज उमटे.

या गमती सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते किंवा ओझरती येते. डिसेंबर १८८१ मध्ये इस्टेटीवरच्या एका मजुराचा त्या उघड्या तारेला हात लागला आणि तो जागीच मेला. इंग्लंडमधल्या विजेच्या धक्क्याने झालेल्या पहिल्या काही मृत्यूंपैकी हा एक. मालकाच्या प्रयोगात मालकाच्या हाताला काच लागते, ते निराळे.

मधल्या काळात, फेब्रुवारी १८७४ मध्ये, सॉल्सबरी पुन्हा भारतमंत्री झाला होता. त्या वेळी बिहारमध्ये दुष्काळ होता. या वेळी ओरिसाची आठवण सगळ्यांनाच होती. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणवला, रिचर्ड टेम्पलने तो गावोगाव पोचवला, आणि भूकबळी जवळजवळ झाले नाहीत. दुष्काळात माणसे मरायलाच हवीत असे नाही, हे सरकारने स्वतःच सिद्ध करून दाखवले. पण नंतर याच कामावर उधळपट्टीची टीका झाली.

१८७६ मध्ये दख्खन आणि मद्रास इलाख्यांत पाऊस गेला. आता व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. भाव आणि व्यापार यांत सरकारने पडू नये हे तत्त्व परत आले. धान्याची निर्यात चालू राहिली. काटकसर करायला पाठवलेला अधिकारी तोच, टेम्पल. आधीच्या टीकेने पोळलेल्या या माणसाने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा अशी कमी केली. दिवसभर खडी फोडणाऱ्याला हे पुरेल का? हा प्रश्न सरळसरळ शरीरशास्त्राचा आहे. मद्रासचा आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश याने तो तसाच मांडला. धान्य दीड पौंड हवे, आणि नुसते धान्य पुरणार नाही, डाळ आणि भाजी हवी, नाहीतर माणूस झिजून मरेल, असे त्याचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी नव्या मजुरीविरुद्ध काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने जागोजागची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली.

भारतमंत्री कुठे होता? दुष्काळाचा पहिला हिवाळा त्याने तुर्कस्तानच्या प्रश्नावरील परिषदेसाठी कॉन्स्टँटिनोपलमध्ये घालवला. लिटनने १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भव्य दरबार भरवला तेव्हाही तो तिथेच होता. जून १८७७ मध्ये त्याने लिटनला लिहिलेले एक पत्र फार प्रसिद्ध आहे. आयुष्याच्या अनुभवातून एकच गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे तज्ज्ञांवर विश्वास ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. डॉक्टरांचे ऐकले तर काहीच खाण्याजोगे उरत नाही, धर्मपंडितांचे ऐकले तर काहीच निष्पाप उरत नाही, आणि सेनापतींचे ऐकले तर काहीच सुरक्षित उरत नाही, अशा अर्थाचा त्याचा युक्तिवाद. हे पत्र दुष्काळाबद्दल नाही, रशियाच्या स्वारीची भीती घालणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांबद्दल आहे. सुभाषितांच्या पुस्तकांतून ते शहाणपणाचा नमुना म्हणून दिले जाते. पण तारीख पाहावी. मद्रासचा एक डॉक्टर ‘या शिध्यावर माणसे मरतात’ असे सांगत होता तेच हे दिवस.

ओरिसात तज्ज्ञांनी ‘चिंता नको’ म्हटले आणि ते ऐकणे चुकले. दख्खनच्या वेळी एका तज्ज्ञाने ‘चिंता करा’ म्हटले. ‘तज्ज्ञांवर विश्वास नको’ हे सूत्र या दोन प्रसंगांत फरक करू शकत नाही. फरक करायचा तर मजुराचे वजन करावे लागते, मेलेल्यांची मोजदाद करावी लागते. मतदारसंघांच्या बाबतीत रविवारी रात्री कोष्टक घेऊन बसणाऱ्याला हे जमण्यासारखे नव्हते असे कसे म्हणावे? त्याला आकडे समजत होते, याचा पुरावा त्याच्या १८७५ च्या एका टिपणात आहे. हिंदुस्थानचे रक्त काढायचेच आहे तर नस तिथे कापावी जिथे रक्त साचले आहे, आधीच दुबळ्या झालेल्या भागात, म्हणजे शेतकऱ्यांत, नव्हे, असे त्यात लिहिले आहे. हा उल्लेख पुढे दादाभाई नौरोजींनी उचलला आणि इंग्रजांच्या तोंडचीच कबुली म्हणून वारंवार इंग्रजांपुढे ठेवला. याच कारकिर्दीत सनदी परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणली गेली. इतक्या लहान वयात लंडनला जाऊन परीक्षा देणे हिंदी मुलांना जवळपास अशक्य होते.

१८७८ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला आणि १८८५ मध्ये पंतप्रधान. १८८५ ते १९०२ या सतरा वर्षांत मिळून तेरा वर्षांहून अधिक काळ हे पद त्याच्याकडे होते, बहुतेक वेळ परराष्ट्र खात्यासकट. आफ्रिकेच्या वाटणीचे नकाशे त्याच्या टेबलावर आखले गेले, ती कथा मोठी आहे आणि या मासिकाची नाही. शिक्षकांसाठी एक नोंद : इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण जवळपास मोफत झाले ते १८९१ च्या कायद्याने, आणि तो कायदा या प्रगतीच्या टीकाकाराच्या सरकारने केला. १८८९ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या मेजवानीत त्याने केलेले भाषणही वाचनीय आहे. तारायंत्राने साऱ्या जगाचे मत एकाच क्षणी एकत्र आणले, आणि घरोघर वीज पोचली तर कारखान्यात गेलेला कारागीर परत आपल्या कुटुंबात बसून काम करू शकेल, असे तो म्हणाला. आज घरबसल्या काम करणाऱ्यांना यात ओळखीचे काहीतरी सापडेल.

त्याच्या आदल्या वर्षी मात्र त्याने आपल्या आयुष्यातले सर्वांत कुप्रसिद्ध वाक्य उच्चारले. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या होबर्न मतदारसंघातून उभे राहून हरले होते. नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत तो विषय निघाला. मानवजातीची प्रगती कितीही झाली असली तरी एखादा इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही, असे पंतप्रधान म्हणाला. दादाभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, त्या पदावर नेमलेले पहिले हिंदी. म्हणजे ऑक्सफर्डला गणितात मानद चौथी श्रेणी मिळवलेला हौशी शास्त्रज्ञ गणिताच्या प्राध्यापकाबद्दल बोलत होता! इंग्लंडभर गदारोळ झाला आणि दादाभाईंचे नाव घरोघर पोचले. सॉल्सबरीचे विधान, नीट पाहिले तर, एक भाकीत होते, आणि भाकितांची परीक्षा घेता येते. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी ती घेतली. सॉल्सबरीच्याच पक्षाच्या उमेदवाराला हरवून दादाभाई पार्लमेंटमध्ये गेले. पहिल्या मोजणीतले मताधिक्य तीन. पुढच्या निवडणुकीत, १८९५ मध्ये, ते हरले, पण मुंबईचेच मंचरजी भावनगरी निवडून आले, तेही सॉल्सबरीच्या पक्षाकडून.

१८९२ च्या त्याच निवडणुकीने सॉल्सबरीला तीन वर्षांची सुट्टी मिळाली. या सुट्टीत, ८ ऑगस्ट १८९४ रोजी, ब्रिटिश असोसिएशनच्या ऑक्सफर्ड अधिवेशनात त्याने अध्यक्षीय भाषण केले. आपली इंडियन सायन्स काँग्रेस पुढे या संस्थेच्या धर्तीवर निघाली. शास्त्रज्ञांच्या सभेत राजकारणी अध्यक्ष म्हणजे काय ऐकायला मिळते, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. इथे तसे झाले नाही. सॉल्सबरीने विज्ञानाच्या विजयांची यादी दिली नाही, त्याला न सुटलेल्या कोड्यांची दिली.

पहिले कोडे मूलद्रव्यांचे. पृथ्वी सूर्यापासून निघाली असेल तर दोघांचे घटक सारखे हवेत. पृथ्वीच्या घन आणि द्रव भागात ऑक्सिजन सर्वाधिक, हवेत नायट्रोजन सर्वाधिक, आणि सूर्याच्या वर्णपटात या दोघांचाही मागमूस नाही. मग निघताना पृथ्वीने सूर्याला या वायूंपुरते धुऊन पुसून नेले की काय? प्रश्न अस्सल होता, वर्णपटदर्शक हाताळलेल्या माणसाचा. उत्तर असे की सूर्यात दोन्ही आहेत. ऑक्सिजन तर हायड्रोजन आणि हेलियमच्या खालोखाल आहे. पण त्यांच्या रेषा त्या वेळी पाहता येणाऱ्या पट्ट्यात अत्यंत फिक्या. दिसत नाही म्हणजे नाही, असे नसते. योगायोग असा की याच अधिवेशनात पाचच दिवसांनी रॅली आणि रॅम्झे यांनी हवेत एक नवा वायू असल्याचे जाहीर केले. तो आर्गॉन. रॅली हा सॉल्सबरीच्या भाचीचा नवरा. ज्या हवेच्या घटकांबद्दल अध्यक्ष बोलत होता, त्या हवेचा जवळजवळ एक टक्का भाग तोवर कोणी ओळखलाच नव्हता.

दुसरे कोडे ईथरचे. प्रकाश ही लहर, तर लहरते काय? ‘लहरणे’ या क्रियापदाला कर्ता हवा, ते काम ईथर करतो, याहून त्याच्याबद्दल आपल्याला फार काही माहीत नाही, असा त्याने चिमटा काढला. हा चिमटा अचूक बसला होता. अकरा वर्षांनी आइन्स्टाइनने त्या कर्त्याची गरज नाही असे दाखवले.

मग तो डार्विनकडे वळला. प्राणिजाती बदलत नाहीत हे जुने मत डार्विनने निकालात काढले, हे त्याने स्वच्छ मान्य केले. तो रोज प्रार्थना करणारा कडवा अँग्लिकन होता आणि ऑक्सफर्डचा कुलपती होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कबुलीचे मोल कळते. पण नैसर्गिक निवडीवर त्याचे दोन आक्षेप. गुरांची पैदास करणारा माणूस चांगला वळू आणि चांगली गाय एकत्र आणतो. रानात हे लग्न कोण जुळवणार? नवा गुण एका प्राण्यात आला तरी पुढच्या पिढ्यांत तो मिसळून पातळ होईल. या आक्षेपाचे उत्तर त्या वेळी सभागृहात कोणाकडेच नव्हते. ते १८६६ पासून छापलेले होते, पण मेंडेलचा तो निबंध १९०० पर्यंत कोणी उघडला नाही. गुण रंगासारखे मिसळत नाहीत, ते गोट्यांसारखे सुटे राहतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. जेलीफिशसारख्या जीवापासून माणूस व्हायला जीवशास्त्रज्ञांना कोट्यवधी वर्षे हवीत, आणि लॉर्ड केल्व्हिन तर दहा कोटींच्या वर द्यायला तयार नाही. पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र यांतले कोणीतरी एक चुकत आहे. केल्व्हिन तिथेच बसला होता. आभाराचा ठराव त्याने मांडला आणि त्याला अनुमोदन दिले म्हाताऱ्या हक्सलेने.

टीका पुष्कळ झाली. पण एका माणसाने टीका न करता वही उघडली. जॉन पेरी हा इंजिनिअर, केल्व्हिनचा जुना सहायक. केल्व्हिनच्या आकड्याचा उत्क्रांतीविरुद्ध असा वापर होताना पाहून त्याने ते गणित मुळातून तपासायला घेतले. केल्व्हिनची रीत अशी : पृथ्वी आरंभी तापलेली, तेव्हापासून थंड होत आहे. खाणीत खाली जावे तसे तापमान किती वाढते हे मोजले, खडकाची उष्णतावाहकता मोजली, की थंड व्हायला किती काळ लागला हे निघते. गणितात चूक नव्हती. पण त्यात गृहीत होते की पृथ्वी आतपर्यंत एकसारखी घट्ट आहे आणि उष्णता फक्त वहनाने बाहेर येते. पेरी म्हणाला, आतला भाग उष्णता याहून सहज वर पोचवत असेल तर? ताटातले घट्ट पिठले आणि पातेल्यातली आमटी आठवावी. पिठल्यावर लगेच साय धरते, वरचा थर निवतो, आत मात्र हात भाजतो. आमटीत खालची उष्णता अभिसरणाने वर येत राहते आणि वरचा भाग बराच वेळ गरम राहतो. वरच्या थरावरून ‘केव्हा उतरवले’ हे सांगायचे तर आत काय आहे हे आधी ठाऊक हवे. केल्व्हिनने पिठल्याचा हिशेब आमटीला लावला होता. पेरीने गृहीतक बदलले तेव्हा वय दहा कोटींवरून काही अब्जांपर्यंत जाऊ शकत होते. जानेवारी १८९५ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आले. केल्व्हिन बधला नाही. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते, आणि पृथ्वीचे प्रावरण घन असूनही अतिमंद गतीने वाहते हे सर्वमान्य आहे.

सॉल्सबरीला डार्विन अडचणीत आणायचा होता. त्याच्या प्रश्नाने अडचणीत आला तो केल्व्हिन. हे होऊ शकले, कारण या वेळी शंका भर सभेत, आकड्यांसकट, उत्तर देऊ शकणाऱ्यांसमोर मांडली गेली. लिटनला लिहिलेल्या खाजगी पत्राला असे उत्तर देणारा कोणी नव्हता, आणि खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती ‘नेचर’ नव्हते.

जून १८९५ मध्ये तो पुन्हा पंतप्रधान झाला. या सात वर्षांत दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झाले, आणि हिंदुस्थानात १८९६ आणि १८९९ चे दोन मोठे दुष्काळ पडले. जुलै १९०२ मध्ये त्याने भाचा आर्थर बाल्फोर याच्या हाती सत्ता दिली. २२ ऑगस्ट १९०३ रोजी तो हॅटफील्डला वारला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पॅरिसला पिएर क्यूरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी रेडियममधून सतत बाहेर पडणारी उष्णता मोजली होती. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुदरफर्ड या उष्णतेविषयी आणि पृथ्वीच्या वयाविषयी बोलला, तेव्हा ऐशीच्या घरातला केल्व्हिन श्रोत्यांत होता.